पंतप्रधान कसे बदलतात?

पंतप्रधानांना तुम्ही उर्दूत 'वझीर-ए-आझम' म्हणता. देशाचा कारभार त्यांच्या हाती असतो. पण हे पद कायमचे नसते. ते एकाकडून दुसऱ्याकडे कसे जाते, हे आपण पाहू.

आपण पंतप्रधानांना थेट निवडत नाही, आपण खासदार निवडतो. लोकसभेत ५४३ खासदार असतात. ज्या नेत्याला लोकसभेत बहुमताचा पाठिंबा असतो, त्याला राष्ट्रपती पंतप्रधान नेमतात. हा पाठिंबा आहे तोवरच पद टिकते.

निवडणुकीत पक्ष हरला की पंतप्रधान राजीनामा देतात. १९७७ मध्ये इंदिरा गांधींचा पक्ष हरला आणि मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे समझोता. मराठीत मात्र 'राजीनामा' म्हणजे 'इस्तीफा'!

कधी पदावर असतानाच मृत्यू येतो. राज्यातही हीच पद्धत आहे. तेथे राज्यपाल मुख्यमंत्री नेमतात. नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार वारले. काही दिवस बाळासाहेब सावंतांनी कारभार पाहिला. मग ५ डिसेंबरला वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि ११ वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. याच वसंतरावांना १९७७ मध्ये वाशिमच्या मतदारांनी लोकसभेत पाठवले.

तिसरा मार्ग म्हणजे सभागृहाचा विश्वास गमावणे. एप्रिल १९९९ मध्ये अण्णा द्रमुक पक्षाने अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारचा पाठिंबा काढून घेतला. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी वाजपेयींना बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. १७ एप्रिलला मतदान झाले. सरकारच्या बाजूने २६९ मते पडली आणि विरुद्ध २७०. केवळ एका मताने सरकार पडले! १९९८ मध्ये वाशिममधून निवडून आलेले सुधाकरराव नाईक याच लोकसभेचे सदस्य होते.

वाजपेयींनी त्याच दिवशी राजीनामा दिला. मग देशाचा कारभार थांबला का? नाही. नवे सरकार येईपर्यंत जुन्या सरकारनेच काम पाहिले. अशा सरकारला 'काळजीवाहू सरकार' म्हणतात. कारगिलचे युद्ध याच काळात झाले. दुसऱ्या कोणालाही बहुमत जमवता आले नाही, म्हणून लोकसभा विसर्जित झाली. पुन्हा निवडणूक झाली आणि १३ ऑक्टोबर १९९९ रोजी वाजपेयींनीच पुन्हा शपथ घेतली.

इतिहासात तुम्ही वाचले असेल, की १६५८ मध्ये औरंगजेब आणि दारा शुकोह हे सख्खे भाऊ गादीसाठी लढले. हजारो सैनिक मेले. १९९९ मध्ये मात्र फक्त मते मोजली गेली. हरणाऱ्याने निकाल मानला आणि तो पुन्हा लोकांपुढे गेला. हीच लोकशाहीची थोरवी आहे.

"माझ्या एका मताने काय होणार?" असे कोणी घरी म्हणाले, तर त्यांना २६९ आणि २७० हे आकडे सांगा. आणि १८ वर्षे पूर्ण होताच मतदार यादीत आपले नाव नोंदवा.

स्वाध्याय
१. पंतप्रधान बदलण्याचे तीन मार्ग कोणते?
२. काळजीवाहू सरकारची गरज का असते?
३. 'राजीनामा' या शब्दाचा उर्दूतील व मराठीतील अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.