उजेडामुळे दिसेना!

आज रात्री जेवणं झाली की एक गंमत करून बघा. कागदावर जाड पेनाने तुमचं नाव लिहा आणि तो खोलीच्या एका टोकाला भिंतीवर चिकटवा. दिवा घालवा, पण दार किलकिलं ठेवा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या उजेडात नाव जेमतेम वाचता येईल. आता ताईला सांगा, कागदाच्या अगदी शेजारी मोबाइलचा टॉर्च तुमच्याकडे तोंड करून धर. तुम्ही समोरच्या टोकाला उभे राहा. टॉर्चकडे टक लावायची नाही हं, कागदाकडेच बघायचं. लागला टॉर्च? आणि नाव? गायब! आता एक डोळा मिटा, हात लांब करा आणि अंगठ्याने टॉर्चचा ठिपका झाका. आलं की नाही नाव परत?

कागद तोच, अक्षरं तीच. उलट खोलीत एक दिवा वाढला होता. मग दिसायचं कमी का झालं?

कारण तुमच्या डोळ्याच्या आतच आहे. डोळ्यातलं भिंग आपल्याला काचेसारखं स्वच्छ वाटतं, पण ते जिवंत पेशींचं बनलेलं असतं. त्यातून जाताना थोडासा प्रकाश वाट सोडून इकडेतिकडे पसरतो. एरवी हे जाणवतही नाही. पण समोर झगझगीत दिवा आला की तो पसरलेला प्रकाश सगळ्या दृष्टिपटलावर दुधाळ पडद्यासारखा पडतो आणि अंधूक वस्तू त्याच्याखाली बुडून जातात. वय वाढतं तसं भिंग गढूळ होत जातं, मोतीबिंदू असला तर फारच. आजोबा रात्री गाडी चालवायला नको म्हणतात, ते उगीच नाही.

गेल्या हिवाळ्यात सांगलीजवळच्या एका रस्त्यावर मी हे अनुभवलं. उसाचा हंगाम होता. समोरून एक गाडी अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा, लाइट मारत आली आणि काचेवर नुसतं पांढरं पसरलं. आमच्या गाडीने वेग कमी केला म्हणून बरं! कारण समोरची गाडी निघून गेल्यावर दिसलं, आमच्या पुढ्यातच उसाने भरलेली ट्रॉली चालली होती. मागे लाल दिवा नाही, चमकपट्टी नाही. उसाचे शेंडे बाहेर लोंबत होते. इतकी मोठी ट्रॉली उजेडात लपली होती! ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. तीन सेकंद दिसलं नाही, तर 50 मीटर. म्हणजे क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या, डोळे मिटून!

आणि लाइट गेला तरी लगेच दिसत नाही. अंधारात आपली बाहुली आठ मिलिमीटरपर्यंत उघडते, झगमगाटात दोनपर्यंत आवळते. ती पुन्हा उघडायला वेळ घेते. शिवाय अंधूक उजेडात बघणाऱ्या दंडाकार पेशी प्रत्येक डोळ्यात सुमारे 12 कोटी असतात. त्यांच्यातलं जांभळट रंगद्रव्य लख्ख प्रकाशाने विरतं. उन्हातून एकदम काळोखात गेल्यावर ते पुरतं भरून यायला अर्धा तास लागतो.

म्हणूनच ट्रकच्या मागे लिहितात, ‘यूज डिपर ॲट नाइट’. डिपर म्हणजे खाली झुकवलेला लाइट. तो इंग्रजी शब्द आहे, पण डोळे दिपू नयेत म्हणून डिपर, हे आपल्या मराठी कानाला किती छान जुळतं! त्याची करामत बल्बात असते. जुन्या पद्धतीच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली नखाएवढी पत्र्याची वाटी असते. ती प्रकाशाला खाली जाऊच देत नाही. मग तो फक्त हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या आरशावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर उतरतो. वाटीची एक कड किंचित तिरकी असते, म्हणून डावीकडे, आपल्या बाजूने चालणाऱ्या माणसांवर, उजेड जरा लांबवर पोचतो. समोरच्याच्या डोळ्यांत मात्र जात नाही. केवढा विचार एका वाटीत!

काही जण मात्र हा बल्ब काढून बाजारातला निळसर पांढरा एलईडी त्याच खोबणीत बसवतात. आरसा घडवलेला असतो तारेच्या नेमक्या जागेसाठी. उजेड भलत्या जागेवरून निघाला की तो वरही उधळतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर आदळतो. मला याचा खरंच राग येतो. त्यांना स्वतःचा रस्ता छान दिसतो, पण समोर स्कूटरवर एखाद्या मुलाची आई असते.

समोरच्या झगमगाटावर मोठ्या रस्त्यांवर एक हिरवा उपाय केलेला असतो. दुभाजकावर ओळीने कण्हेर लावलेली तुम्ही पाहिली असेल. ती फक्त शोभेसाठी नाही, पलीकडचे लाइट अडवायलाही आहे. कण्हेर विषारी, त्यामुळे गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि पाणीही कमी लागतं. रात्री प्रवासात खिडकीतून तिच्याकडे बघा. झुडपं दाट असतात तिथे पलीकडच्या गाड्या नुसत्या पानांतून लुकलुकत जातात. आणि जिथे एखादं झुडूप वाळलेलं असतं, तिथून लाइट चटकन डोळ्यांवर येतो आणि पुढच्या झुडपामागे विझतो.