नागोयाचं शटल

शिवणकामाचं वेड असलेल्या माणसाला टोकियोपेक्षा नागोया जवळचं वाटावं. मोटारींचं शहर ही त्याची ओळख खरी, पण मोटारींच्या आधी इथं माग होते. माग घडवणाऱ्या साकिची टोयोडांची कथा आपल्याकडे पुष्कळदा सांगून झाली आहे, ती इथं पुन्हा सांगत नाही. माझं कुतूहल कित्येक वर्षं अडकून पडलंय ते शिलाई मशीनमधल्या एका बारक्या पोलादी भागापाशी. त्याचं नाव शटल.

घरच्या काळ्या मशीनची सरकती पट्टी बाजूला करून बॉबीन केस काढली, की मागं हे चंद्रकोरीसारखं शटल दिसतं. सुई कापडातून खाली जाते आणि किंचित वर येते. त्या क्षणी दोऱ्याचा इवलासा फास सुटतो. शटलचं टोक नेमकं त्या फासात शिरतं, दोरा बॉबीनभोवती फिरवून आणतं आणि वरचा दांडा तो ओढून घेतो. झाली एक टीप! टोक केसभर मागंपुढं झालं, तर टीप सुटते. म्हणजे मशीन बनवायचं तर आधी शटल जमायला हवं.

कानेकिची यासुई यांनी 1908 मध्ये नागोयात मशीन दुरुस्तीचं दुकान काढलं. त्या काळी जपानी बाजार सिंगर या अमेरिकी कंपनीच्या मुठीत होता. थोरला मुलगा मासायोशी लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली राबला आणि 1925 मध्ये भावांच्या नावानं दुकान चालू झालं. 1928 मध्ये त्यांनी पहिलं स्वतःचं यंत्र विकायला काढलं, तेही गवती हॅट शिवायचं. त्याचं नाव 'शोसान', म्हणजे शोवा राजवटीचं तिसरं वर्ष. त्यावर छाप होती 'ब्रदर'.

हॅटपासूनच सुरुवात का? मला इथंच यासुई भावांची खरी हुशारी दिसते. हॅटचं यंत्र साखळीटीप घालायचं. साखळीटिपेला एकच दोरा पुरतो. बॉबीन लागत नाही, बॉबीनभोवती फिरणारं शटलही लागत नाही. जो भाग अजून हाताशी नव्हता, त्याला वळसा घालून त्यांनी बाजारात पाय रोवला. शटल एकसारखं आणि मोठ्या संख्येनं घडवायला 1932 उजाडलं. ते कापणारी यंत्रंही त्यांनी स्वतःच तयार केली. त्याच वर्षी त्यांचं घरगुती मशीन आलं, सिंगरच्या पंधरा नंबरच्या नमुन्यावर बेतलेलं. नक्कल म्हणून कुणी नाक मुरडेल, मी मुरडणार नाही. धातू कापण्याची यंत्रं ब्रदर कंपनी आजही बनवते, त्यांचं मूळ शटल कापणाऱ्या त्या यंत्रांतच.

योगायोग असा, की त्याच 1932 मध्ये सिंगरच्या जपानी विक्रेत्यांनी आणि वसुली करणाऱ्यांनी संप पुकारला. जानेवारी 1933 मध्ये ते योकोहामाच्या कचेरीवर चालून गेले. अँड्र्यू गॉर्डन या इतिहासकाराच्या पुस्तकात हा सगळा झगडा आला आहे. देशी मशीनला वाट मिळाली ती कारागिरीमुळे जितकी, तितकीच या बिघडलेल्या नात्यामुळे, असं माझं मत आहे. बॉम्बफेकीत नागोया होरपळलं, आणि युद्ध संपून दोनच वर्षं झाली तोच, 1947 मध्ये, ब्रदरची 200 घरगुती मशिनं शांघायला रवाना झाली.

आता कापड. नागोयातली चोजामाची ही घाऊक कापडपेठ टोकियो-ओसाकाच्या पेठांच्या तोडीची होती. आता तिथली बरीच दुकानं उठली आहेत. 2010 च्या आइची त्रिवार्षिक कलामहोत्सवात तिथल्या इमारतींत प्रदर्शनं भरली. प्रदर्शनं चांगलीच, पण पेठ ओस पडल्याची हळहळ त्यानं जात नाही. घरी शिवणाऱ्यांनी कुरुमामिचीचं ओत्सुकाया हे मजल्यांवर मजले कापडाचं दुकान गाठावं.

त्याहून स्वस्त हवं असेल तर महिन्याच्या 18 आणि 28 तारखेला ओसू कान्नोन देवळाच्या आवारात जुना बाजार भरतो. तिथं जुने किमोनो मिळतात. किमोनोच्या कापडाचा पन्हा जेमतेम 36 ते 38 सेंटिमीटर. कापणी सगळी सरळ, त्यामुळे उसवला की लांबलचक पट्ट्याच हाती येतात. अंगाच्या दोन पट्ट्यांना खांद्यावर जोड नसतो, आणि त्या तीन मीटरच्या आसपास भरतात. मधोमध शिवण घालून दोन्ही जोडल्या, की खांद्याला जोड नसलेला अंगरखा सुटसुटीत बसतो. घेताना कापड उजेडात धरावं. विरलेली जागा लगेच दिसते. शिवणीत दडलेली किनार बाहेरच्या रंगापेक्षा गडद निघते, तो पट्टा बाहीच्या काठाला लावला तर शोभतो. चिरिमेन नावाचं सुरकुतलेलं रेशीम पाण्यात आटतं, म्हणून बेतण्याआधी भिजवून वाळवणं आलंच.

मशीनही तिथूनच आणायचा मोह होतो. पण जपानी घरातली वीज 100 व्होल्टची, आपली 230 ची. ट्रान्सफॉर्मर नसेल तर मोटर जळेल. सुया मात्र बिनधास्त आणाव्यात. पाकिटावर एचए गुणिले एक असं लिहिलेलं असतं, त्या एका बाजूला चपटा दांडा असलेल्या सुया आपल्या घरगुती मशीनलाही चालतात. तलम मलमलीला 9 नंबर, रोजच्या सुतीला 11, जाड खादीला 14 आणि डेनिमला 16.