हंसातील लहरी जोडतारा
हंस तारकासमूहातील ‘एसएस सिग्नी’ हा जोडतारा एरवी बाराव्या प्रतीचा, दुर्बिणीतूनही अंधुक दिसणारा. साधारण सात आठवड्यांनी मात्र तो आठव्या प्रतीपर्यंत उजळतो. त्यातील श्वेत खुजा तारा सोबत्याकडून वायू ओढतो. भोवतीच्या चकतीत साठलेला हा वायू अस्थिर झाला की उद्रेक होतो. त्याची नेमकी वेळ सांगता येत नाही.

हबल दुर्बिणीने १९९९ मध्ये या ताऱ्याचे अंतर पाचशेहून अधिक प्रकाशवर्षे दिले. इतक्या दूरचा तारा एवढा तेजस्वी असेल, तर हा सिद्धान्तच चुकीचा ठरत होता. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून रोज प्रत नोंदविणाऱ्या हौशी निरीक्षकांनी उद्रेकाची वर्दी वेळीच दिली, रेडिओ दुर्बिणी तिकडे वळल्या. २०१३ मध्ये अंतर सुमारे ३७० प्रकाशवर्षे ठरले आणि सिद्धान्त तगला.