पाचवीच्या बाकावर, दुसरीच्या उताऱ्यापाशी

४८.८ टक्के. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या इतक्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो, असं शालेय शिक्षणाच्या स्थितीचा २०२४चा ‘असर’ अहवाल सांगतो. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणारी मुलं त्याहून कमी, ३०.७ टक्के. हा भागाकार आठवीतही जेमतेम ४५.८ टक्क्यांनाच जमतो.

ही सरासरी ४० मुलांच्या पाचवीला लावून पाहा. वीसेक जणांना धडा वाचता येत नाही, सत्तावीस-अठ्ठावीस जणांचा भागाकार कच्चा. फळ्यावर मात्र अपूर्णांक, कारण पोर्शन संपवायचा आहे. डोक्यावरून जाणारं तास तास ऐकत बसणं मोठ्यांच्या सभेतही कुणाला जमत नाही. पोर खिडकीबाहेर बघणार, शेजाऱ्याला कोपर मारणार. शेरा ठरलेला: ‘अभ्यासात लक्ष नाही’.

एकाच वर्गातली ही दरी केवढी, ते कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि आलेहांद्रो गानिमियान यांच्या दिल्लीतल्या अभ्यासात दिसलं. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि एकाच इयत्तेतल्या मुलांच्या पातळीत पाच-सहा इयत्तांचं अंतर होतं. अशा वर्गात शिक्षकानं नेमकं कुणाशी बोलायचं? त्यातून सरकारी प्राथमिक शाळांतले दुसरीचे सुमारे दोन-तृतीयांश वर्ग वेगळ्या इयत्तेबरोबर बसतात. ‘असर’नं पाहिलेल्या अशा शाळांपैकी ५२.१ टक्के शाळांचा पट साठच्या आत होता. अशा छोट्या, द्विशिक्षकी शाळेत एका वर्गाला शिकवायचं म्हणजे बाकीच्यांना ‘पाढे लिहा’ म्हणून गप्प बसवणं आलंच.

मग मोबाइलचं काय? २०२२च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत, ओईसीडी देशांच्या सरासरीनुसार, ६५ टक्के मुलांनी निदान काही गणिताच्या तासांना तरी स्वतःच्या डिजिटल उपकरणामुळे लक्ष उडतं असं सांगितलं. ५९ टक्क्यांचं दुसऱ्याच्या उपकरणामुळे. त्या फेरीत भारत नव्हता. जिथं मुलांच्या हाती वर्गात फोनच नाही, तिथल्या उडालेल्या लक्षाचा दोष त्याच्यावर ढकलणं ही मला सोयीस्कर पळवाट वाटते. भिंतींवरच्या रंगीबेरंगी तक्त्यांचाही थोडा हात असतो. २०१४च्या एका अमेरिकी प्रयोगात सजवलेल्या खोलीत बालवाडीच्या मुलांचं ३८.६ टक्के वेळ लक्ष दुसरीकडे होतं, साध्या खोलीत २८.४. पण मुलं होती अवघी २४; तक्ते उतरवायची घाई नको.

अधिक बोलका आकडा उत्तर प्रदेशातला आहे. २०१३-१४ मध्ये ‘प्रथम’ या संस्थेनं तिथल्या सरकारी शाळांत तिसरी ते पाचवीच्या मुलांची वाचन शिबिरं घेतली. मुलांचे गट इयत्तेवरून न पाडता कुणाला अक्षर येतं, कुणाला शब्द, कुणाला उतारा, यावरून पाडले. अखेरीस या शाळांतल्या सुमारे ४९ टक्के मुलांना परिच्छेद किंवा गोष्ट वाचता येत होती; जिथं शिबिरं झाली नाहीत, तिथं २४ टक्के. मुलं त्याच भागातली, त्याच इयत्तांतली होती.