ज्वालामुखीच्या पोटात आठ पायांचा पाहुणा

१४ जानेवारी १९९३. कोलंबियातील गॅलेरास ज्वालामुखीवर शास्त्रज्ञांचे एक पथक काम करीत होते. डोंगर शांत दिसत होता. अचानक स्फोट झाला आणि सहा शास्त्रज्ञ व तीन पर्यटक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी मार्चमध्ये इक्वाडोरमधील ग्वाग्वा पिचिंचा ज्वालामुखीने आणखी दोन शास्त्रज्ञांचा बळी घेतला.

विवरातून निघणारे वायू तपासले की आत काय शिजते आहे, याचा अंदाज येतो. पायथ्याच्या गावांना वेळीच सावध करता येते. पण तेथे उतरायचे कोणी?

यंत्राने! अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने ‘नासा’च्या साहाय्याने असा यंत्रमानव बनवला. नरकयात्रेचे वर्णन करणाऱ्या इटालियन कवीवरून त्याचे नाव ठेवले ‘दांते’. अंटार्क्टिकातील एरेबस ज्वालामुखीवर १९९२-९३ च्या मोहिमेत तो उतरू लागला, पण थोडे अंतर जाताच संदेश नेणारी केबल तुटली. मोहीम तेथेच थांबली.

संशोधक खचले नाहीत. जुलै १९९४ मध्ये ‘दांते-२’ अलास्कातील माउंट स्पर या ज्वालामुखीत उतरला. दगडधोंड्यांत चाके अडकतात, म्हणून त्याला आठ पाय दिले होते. चार पाय जमिनीवर रोवलेले असताना उरलेले चार पुढे पडत. विवराच्या काठाला बांधलेल्या मजबूत केबलच्या आधाराने तो गिर्यारोहकासारखा उतार उतरला. त्याच्यावर देखरेख करणारी माणसे मात्र सुमारे १३० किलोमीटर दूर, अँकरेज शहरात सुरक्षित बसली होती. काही दिवस विवरात फिरून त्याने वायूंची मोजमापे आणि चित्रे पाठवली.

परत चढताना ओल्या, भुसभुशीत उतारावर त्याचा तोल गेला आणि तो कलंडला. अखेर हेलिकॉप्टरने त्याला बाहेर काढावे लागले. मग मोहीम फसली म्हणायची का? मुळीच नाही. हवी ती माहिती आधीच हाती आली होती.

अशा वाहनांना सावधपणाही शिकवावा लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर भारताच्या ‘प्रज्ञान’समोर चार मीटर रुंदीचा खड्डा आला, तेव्हा त्याला मागे फिरवून दुसऱ्या वाटेने नेण्यात आले.

यंत्र पडले तर पुन्हा बनवता येते. ‘दांते-२’ पडला, पण त्या दिवशी कोणाच्याही घरी वाईट निरोप गेला नाही.