विजेच्या बिलात न दिसणारी राख

घराघरांतून चूल गेली, तिच्याबरोबर राखही गेली. एके काळी मराठी घरात राख ही टाकून देण्याची वस्तू नव्हती. भांडी घासण्यासाठी ती मोरीजवळ जपून ठेवली जाई. कीड लागू नये म्हणून कडधान्य राखेत घोळवून ठेवले जाई. उरलेली राख उकिरड्यावर पडून अखेरीस खताबरोबर शेतात पोहोचत असे. आता आपल्या घरात राख तयारच होत नाही, असा शहरी माणसाचा समज आहे. तो खरा नाही. राख आजही तयार होते. फक्त ती चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ किंवा परळी येथील औष्णिक वीजकेंद्रांत तयार होते.

हिशेब सोपा आहे. कोळशापासून एक युनिट वीज निर्माण करण्यासाठी साधारणतः ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. ज्या कुटुंबाचा मासिक वापर २०० युनिटांचा आहे आणि ज्याची सर्व वीज कोळशापासून येते, त्याच्या नावावर दरमहा ४५ ते ५० किलो राख जमा होते. म्हणजे जवळजवळ सिमेंटच्या एका गोणीइतकी! या राखेचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यामुळे केवळ वीजकेंद्रालगतच्या गावांचा राहत नाही.

कोळशात इतकी राख का?

आपला बहुतांश कोळसा गोंडवन काळातील आहे. त्या काळी वनस्पतींचे अवशेष पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत येऊन साठले आणि त्यांच्याबरोबर गाळ व मातीही आली. ही खनिजद्रव्ये कोळशाच्या कणाकणांत मिसळलेली असल्याने कोळसा धुऊनही ती पूर्णपणे वेगळी करता येत नाहीत. बॉयलरमध्ये पीठ करून जाळलेल्या कोळशातील कार्बन जळून जातो, तर खनिजे वितळून धुराबरोबर वर जातात आणि थंड होताना त्यांचे काचेसारखे सूक्ष्म गोळे बनतात. हीच ‘फ्लाय अ‍ॅश’ अर्थात उडती राख. एकूण राखेत तिचा वाटा सुमारे ८० टक्के असतो. उरलेली जाडसर राख बॉयलरच्या तळाशी पडते.

उडती राख धुराड्यातून बाहेर जाऊ नये म्हणून धूर ‘इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर’ या यंत्रणेतून नेला जातो. तेथे उच्च दाबाच्या विजेमुळे राखेचे कण विद्युतभारित होतात आणि धातूच्या पत्र्यांना चिकटतात. पत्र्यांवर ठरावीक वेळाने हातोडे आपटले, की राख खालच्या नरसाळ्यांत पडते. पहिल्या कप्प्यात जाड, तर पुढच्या कप्प्यांत अधिकाधिक बारीक राख मिळते. म्हणजे यंत्रणेतून बाहेर पडतानाच राखेची प्रतवारी झालेली असते.

कोरडी आणि ओली

येथून पुढे राखेला दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेने ती हवेच्या दाबाने कोरडीच उंच टाक्यांत, म्हणजे सायलोत भरली जाते आणि तेथून बंद टँकरने सिमेंट कारखान्याकडे रवाना होते. दुसऱ्या वाटेने तिच्यात कित्येक पट पाणी मिसळून तो लगदा नळांद्वारे दूरवरच्या राख-तलावात सोडला जातो. दुसरी वाट सोयीची आहे, म्हणून अनेक दशके तीच रूढ होती. परंतु तलावात जाड व बारीक राख एकत्र होते आणि आयती झालेली प्रतवारी वाया जाते. मग ती राख वापरण्यासाठी पुन्हा खणावी, वाळवावी व चाळावी लागते. एकच पदार्थ कोरडा असताना कच्चा माल असतो आणि पाण्यात कालवला, की कचरा ठरतो. घरातल्या ओल्या आणि सुक्या कचऱ्याचा धडा येथेही तंतोतंत लागू पडतो.

या राखेचे मोल तिच्या रसायनात आहे. सिमेंटमध्ये पाणी मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या संयुगांबरोबरच काही चुनाही मोकळा होतो. तो बांधकामाला बळकटी देत नाही. उलट काळाच्या ओघात पाण्याबरोबर झिरपून बाहेर येतो. राखेतील सिलिका याच चुन्याशी संयोग पावते आणि काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे भरून काढणारे, चिकटून राहणारे नवे संयुग तयार होते. इटलीतील पोझुओली परिसरातील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून प्राचीन रोमन स्थापत्यकारांनी हाच गुण वापरला होता. आज सिमेंटच्या गोणीवर दिसणारा ‘पोझोलाना’ हा शब्द त्या गावाच्या नावावरूनच आला आहे.

भारतीय मानकानुसार अशा सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असू शकते. जितकी राख मिसळली जाते, तितके क्लिंकर कमी लागते. म्हणजेच तितकी चुनखडी खणणे, भाजणे आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडणे टळते. शिवाय राखमिश्रित काँक्रीट घट्ट होताना कमी तापते. धरणासारख्या अवाढव्य बांधकामात ही उष्णता तडे पाडते, म्हणून तेथे राख विशेष उपयोगी ठरते. प्रवरेच्या उगमाकडील घाटघर जलविद्युत प्रकल्पाच्या धरणांत ‘रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीट’ तंत्र वापरताना राखेचे प्रमाण सिमेंटपेक्षाही अधिक ठेवण्यात आले होते.

विटांच्या बाबतीतही हाच न्याय आहे. राख, चुना वा सिमेंट, जिप्सम आणि दगडाची भुकटी यांपासून दाबून बनविलेली वीट भट्टीत भाजावी लागत नाही. तिच्यासाठी शेतातील सुपीक मातीचा थरही खरवडावा लागत नाही.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी यासंबंधीची पहिली अधिसूचना काढली, तेव्हा हा वरचा माती-थर वाचविणे हे तिचे एक प्रमुख उद्दिष्ट होते. वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या परिसरातील वीटभट्ट्यांना राखेचा वापर बंधनकारक करण्यात आला. पुढे ही कक्षा १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटरपर्यंत वाढविण्यात आली. महाराष्ट्रानेही २०१६ मध्ये राखेच्या वापराचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. ३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने राखेच्या संपूर्ण वापराचे बंधन घातले आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये पर्यावरणीय भरपाईची तरतूद केली. तलावांत पूर्वीपासून साठलेल्या राखेसाठी दहा वर्षांची मुदत ठेवण्यात आली.

परिणाम निश्चितच झाला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार १९९६-९७ मध्ये देशात सुमारे ६.९ कोटी टन राख निर्माण झाली आणि तिच्यापैकी १० टक्केही वापरली गेली नव्हती. २०२१-२२ मध्ये निर्मिती सुमारे २७ कोटी टनांवर गेली आणि वापर सुमारे ९६ टक्क्यांवर पोहोचला.

टक्केवारीच्या आड

तथापि ‘वापर’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. सिमेंटमध्ये मिसळलेली राख जशी वापरात मोजली जाते, तशीच सखल जमिनीच्या वा रिकाम्या खाणींच्या भरावात टाकलेलीही मोजली जाते. भराव सर्वस्वी गैर नाही. परंतु राखेत आर्सेनिक, शिसे, पारा, क्रोमियम यांचे अंश असतात. भूजलाची काळजी न घेता केलेला भराव म्हणजे कचऱ्याची केवळ जागा बदलणे होय. शिवाय ही टक्केवारी वर्षभराच्या राखेशी ताडून काढली जाते. तलावांत पूर्वीपासून पडून असलेले ढीग त्या आकड्यात दिसत नाहीत.

ते दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत नागपूरजवळील खसाळा येथील राख-तलावाचा बांध फुटला. राखेचा लोंढा शेतांतून आणि नाल्यांतून कोलार व कन्हान नद्यांपर्यंत पोहोचला. नागपूरच्या मोठ्या भागाला पाणी पुरविणारी कन्हान ती हीच. विजेचे दिवे शहरात लागतात आणि राख खेड्यात राहते, हा समज त्या पावसाने धुऊन काढला. उन्हाळ्यात तलाव कोरडे पडले, की वाऱ्याबरोबर उडणारी राख भोवतालच्या गावांत पिकांवर, विहिरींवर आणि माणसांच्या छातीत बसते. तेथील रहिवाशांना हे सांगण्यासाठी कोणत्याही अहवालाची गरज भासत नाही.

ग्राहक म्हणून आपण काय करू शकतो? राखेचे सिमेंट ‘कच्चे’ असते, हा गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. त्याचे बळ सावकाश वाढते, एवढेच. म्हणूनच साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावे, तर मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस, असे भारतीय मानक सांगते. घाईने साचे काढायचे, पाणी मारायचा कंटाळा करायचा आणि नंतर दोष राखेला द्यायचा, हे आपल्या बांधकामांवर सर्रास घडते. घर बांधताना राखेच्या विटांची चौकशी करणे आणि तीन दिवस अधिक पाणी मारणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हाती आहे.

यापुढे शासनाकडे आग्रह धरायचा तो मात्र निव्वळ टक्केवारीचा नसावा. किती राख कोरडी उचलली, किती भरावात गेली आणि जुन्या तलावांतून किती कमी झाली, हे तिन्ही आकडे प्रत्येक वीजकेंद्राने स्वतंत्रपणे जाहीर करावेत. पूर्वीच्या गृहिणीला आपल्या चुलीतली राख कुठे जाते, हे ठाऊक असे. महिन्याला गोणीभर राख निर्माण करणाऱ्या आपल्यालाही ते ठाऊक असायला हवे.