वाढायचे तर वरच्या बाजूला

नृसिंहवाडीला पौर्णिमेच्या दिवशी दर्शनापेक्षा गाडी लावायलाच जास्त वेळ लागतो. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरचे हे लहानसे गाव. त्या दिवशी सांगली, इचलकरंजी, कोल्हापूर, बेळगावकडून गाड्या येतच राहतात. अशाच एका पौर्णिमेला आम्ही नववीच्या काही मुलांना घेऊन वाहनतळाच्या कडेला उभे राहिलो. काम सोपे होते. कोणत्या गाडीतून आजी-आजोबा कसे उतरतात ते पाहायचे आणि वहीत लिहायचे.

अर्ध्या तासात मुलांच्या एक गोष्ट लक्षात आली. बसक्या गाडीतून उतरताना आजी आधी डोके वाकवतात, मग दाराला धरतात आणि शेवटी कोणीतरी हात देऊन त्यांना वर ओढते. उभट गाडीतून उतरताना त्या पाय बाहेर टाकतात आणि सरळ उभ्या राहतात. "पाटावरून उठणं आणि खुर्चीवरून उठणं, एवढाच फरक आहे," एक मुलगी म्हणाली. तिने नेमके वर्म सांगितले होते. त्या उभट गाड्यांमध्ये बऱ्याच वॅगन आर होत्या. आपल्या रस्त्यांवर १९९९ च्या डिसेंबरपासून दिसणारी ही गाडी मूळची जपानी. ती उभट का झाली, याचे उत्तर मात्र आजीच्या गुडघ्यांत नाही. ते जपानच्या एका नियमात आहे.

जपानमध्ये १९४९ पासून 'केई' म्हणजे 'हलक्या' मोटारींचा एक वेगळा वर्ग आहे. या वर्गातल्या गाडीला कर कमी. एरवी मोटार घेणाऱ्याला ती उभी करायला जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. केई गाडीला अनेक भागांत त्यातूनही सवलत मिळते. पण सवलत हवी तर मापात राहायला हवे. १९९० च्या नियमानुसार लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४ मीटर आणि इंजिन ६६० घनसेंटिमीटर, यापुढे जायचे नाही. उंचीची मर्यादा मात्र २ मीटर होती, आणि त्या काळच्या छोट्या मोटारी जेमतेम १.४ मीटर उंच असत. म्हणजे डोक्यावर अर्ध्या मीटरहून अधिक जागा नियमाने मोकळी ठेवली होती आणि ती फारसे कोणी वापरत नव्हते.

दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला जागा हवी असेल तर ते काय करते? माळा काढते. सप्टेंबर १९९३ मध्ये सुझुकीने जपानमध्ये आणलेल्या पहिल्या वॅगन आरने तेच केले. (होंडाची स्टेप व्हॅन ही उभट केई गाडी १९७२ मध्येच आली होती, पण ती वाट पुढे फार कोणी चालले नाही.) नवी गाडी १.६ मीटरपेक्षा उंच होती. यातली खरी युक्ती छत उचलण्यात नव्हती, आसन उचलण्यात होती. जमिनीवर पाय पसरून बसणाऱ्या माणसाला केवढी जागा लागते आणि खुर्चीवर बसणाऱ्याला केवढी, हे वर्गातच मोजून पाहा. खुर्चीवर बसले की पाय पुढे जायच्याऐवजी खाली जातात. गाडीची लांबी तेवढीच राहूनही मागच्या माणसाच्या गुडघ्यांना जागा मिळते. त्या पहिल्या गाडीला चालकाच्या बाजूला एकच दार होते आणि डाव्या बाजूला दोन. जपानमध्येही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते, त्यामुळे मागे बसणारे डाव्या बाजूनेच चढतात-उतरतात. सर्व दारे असलेली गाडी नंतर आली.

यापुढच्या पिढ्यांची गोष्ट एका आकड्यावरून समजते. तो म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर. पहिल्या पिढीत ते २३३५ मिलिमीटर होते. ऑक्टोबर १९९८ मध्ये अपघातातील सुरक्षितता वाढावी म्हणून जपानने मर्यादा सैल केली. लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटर झाली. त्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या पिढीत चाकांमधले अंतर २३६० मिलिमीटर झाले. २००३ च्या तिसऱ्या पिढीत ते तेवढेच राहिले. २००८ मध्ये २४००, २०१२ मध्ये २४२५ आणि २०१७ मध्ये २४६० मिलिमीटर. गंमत अशी की १९९८ नंतर गाडीची एकूण लांबी वाढलेलीच नाही. ती ३३९५ मिलिमीटरवर थांबली आहे. चाके कोपऱ्यांकडे सरकली आणि माणसांच्या वाट्याची जागा वाढली. २०१२ च्या पिढीत सुमारे ७० किलो वजनही कमी केले गेले, आणि वेग कमी होताना वाया जाणाऱ्या ऊर्जेतून बॅटरी भरण्याची सोय आली.

इतर कंपन्याही वर पाहू लागल्या. दाइहात्सूची मूव्ह १९९५ मध्ये आली. मग त्याहूनही उंच दाइहात्सू टँटो २००३ मध्ये आणि होंडा एन-बॉक्स २०११ मध्ये आली. एका नियमाने एक आकारच जन्माला घातला.

आपल्याकडे हा नियम नाही. म्हणून भारतातल्या वॅगन आरला सुरुवातीपासून मोठे, १०६१ घनसेंटिमीटरचे इंजिन मिळाले. पण रुंदी बराच काळ जपानी मापाच्या जवळपासच, म्हणजे सुमारे दीड मीटर होती. २०१० च्या दुसऱ्या भारतीय पिढीतही तसेच होते. जानेवारी २०१९ मध्ये आलेली गाडी मात्र १६२० मिलिमीटर रुंद झाली. उंची १६७५ मिलिमीटर. आपला नियम वेगळा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळाली, आणि आपल्याकडच्या गाड्यांची शेपटी ४ मीटरच्या आत छाटली जाऊ लागली.

आता वाडीच्या वाहनतळावर मुलांनी विचारलेला प्रश्न: "सर, एवढी उंच गाडी वळणावर उलटत नाही का?"

उलटणे दोन मापांवर अवलंबून असते. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर जितके मोठे तितकी गाडी स्थिर. इथे एक दिलासा आहे. उंच गाडीच्या वरच्या भागात मुख्यतः हवा, काच आणि पातळ पत्रा असतो. इंजिन, गिअरबॉक्स, पेट्रोलची टाकी हे सारे खाली असते. त्यामुळे छत वाढते तितका गुरुत्वमध्य वर जात नाही.

गणितासाठी काही सोयीचे आकडे घेऊ. चाकांमधले अंतर १.४ मीटर, पाच माणसांसह वस्तुमान ११५० किलो, गुरुत्वमध्य ०.६ मीटरवर. ०.७ भागिले ०.६ म्हणजे सुमारे १.१७. आता छतावरच्या कॅरिअरवर, १.७५ मीटर उंचीवर, ६० किलोची बोचकी बांधा. नवा गुरुत्वमध्य = (११५० × ०.६ + ६० × १.७५) ÷ १२१० = सुमारे ०.६६ मीटर. गुणोत्तर १.०७ च्या आसपास उतरते. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणगुणांक साधारण ०.८ असतो, म्हणजे सपाट रस्त्यावर गाडी उलटण्याआधी घसरेल. पण घसरता घसरता चाक डांबराच्या कडेवरून उतरून साइडपट्टीच्या ओल्या काळ्या मातीत रुतले, तर घसरणे थांबते आणि उलटणे सुरू होते. नदीकाठच्या आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यात ही परिस्थिती नवी नाही.

हा प्रयोग वर्गात करता येतो. चपलांचा रिकामा खोका फळीवर उभा ठेवा. खोका घसरू नये म्हणून खालच्या कडेला पट्टी ठोका. आत तळाशी दगड ठेवून फळी हळूहळू तिरपी करा आणि खोका उलटतो तो कोन मोजा. मग तोच दगड वरच्या बाजूला चिकटवून पुन्हा मोजा. मुलांना सूत्र सांगण्याची गरजही पडणार नाही.

उंचीची दुसरी किंमत वाऱ्याला द्यावी लागते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समोरचे क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर आणि विरोधाचा गुणांक ०.३५ धरला, तर ताशी ४० किलोमीटरला हा विरोध सुमारे ५७ न्यूटन येतो, टायरच्या विरोधाच्या निम्मा. ताशी ८० ला तो चौपट, म्हणजे २२८ न्यूटन होतो. उभट गाडी गावात काटकसरी, महामार्गावर मात्र कमी काटकसरी ठरते ती यामुळे.

आणि तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. आतली जागा वाढवण्यासाठी नाक आखूड केले की समोरच्या धडकेत चुरगळायला जागा कमी उरते. ती उणीव सांगाड्याच्या मजबुतीने भरून काढावी लागते. ग्लोबल एनकॅप या संस्थेने घेतलेल्या धडक-चाचण्यांत भारतीय वॅगन आरला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी ५ पैकी २०१९ मध्ये २ आणि २०२३ मध्ये १ तारा मिळाला. सांगाडा दोन्ही वेळा अस्थिर ठरला. छोटी गाडी कमकुवतच असते असे नाही, पण डोक्यावरची जागा डोळ्यांना दिसते आणि सांगाड्याची ताकद दिसत नाही.

दुपारी वाहनतळ रिकामा होऊ लागला. कवठाच्या बर्फीचे खोके हातात घेऊन माणसे परतत होती. एका उभट गाडीच्या छतावर दोन सतरंज्या आणि एक मोठे पातेले बांधणे चालले होते. आमच्यातला एक मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, "काका, पातेलं आत पायांपाशी ठेवा. गाडी कमी डुलेल." काकांनी त्याच्याकडे पाहिले, जरा विचार केला आणि पातेले खाली उतरवले.